रुंदी १ सेमी घेतली की लांबी उणे येते, मग "१० किंवा त्यापेक्षा कमी" हे उत्तर पुरं कसं?

मावशी_अभ्यासात

नमस्कार मंडळी. भाची नववीत आहे आणि तिचा गणिताचा अभ्यास मी घेते. सध्या असमानतेवरची शाब्दिक उदाहरणं चालू आहेत. त्यातल्या एकावर आम्ही दोघी अडलोय.

उदाहरण असं आहे: एका आयताची लांबी त्याच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ सेमीने कमी आहे. आयताची परिमिती जास्तीत जास्त ५४ सेमी असेल, तर रुंदी किती असू शकेल?

रुंदी र धरली. लांबी २र − ३. परिमिती २(र + २र − ३), म्हणजे ६र − ६. ती ५४ च्या वर जायला नको, म्हणून ६र − ६ ≤ ५४. त्यावरून ६र ≤ ६० आणि र ≤ १०. सरावपुस्तिकेत मागे दिलेलं उत्तरही हेच आहे: रुंदी १० सेमी किंवा त्यापेक्षा कमी.

इथवर सगळं ठीक. पण भाचीला उत्तर आलं की त्यात एखादा आकडा घालून पडताळा घ्यायची सवय आहे. तिने रुंदी १ घेतली. लांबी आली २ − ३ = −१. परिमिती आली २(१ − १) = ०. मग मला विचारते, "मावशी, शून्य म्हणजे ५४ पेक्षा कमीच ना? मग १ हे उत्तर चालायला हवं!" लांबी उणे असू शकत नाही हे मी सांगितलं. त्यावर तिचं म्हणणं, मग ती अट उदाहरणात का दिली नाही? आणि पेपरात ती आपण आपल्या मनाने लिहायची का?

त्यानंतर तिने रुंदी २ घेतली. लांबी आली १. म्हणजे लांबीच रुंदीपेक्षा कमी! हा आयत धरायचा की नाही?

"पुस्तकात दिलंय तेवढंच लिही" असं तिला सांगायचं माझ्या जिवावर येतं. शिवाय दुसरी एक अडचण आहेच. "कमीत कमी", "जास्तीत जास्त", "पेक्षा कमी नाही" असे शब्द आले की ती चिन्ह हमखास उलटं लावते. "कमी" दिसलं की < टाकून मोकळी. यावर कुणाकडे काही उपाय आहे का?

---

बिंदू

लांबी शून्यापेक्षा मोठी हवी, म्हणून २र − ३ > ०, म्हणजे र > १.५. पूर्ण उत्तर: १.५ < र ≤ १०. पुस्तिकेतलं उत्तर अर्धंच आहे.

---

खडूफळा

ताई, भाचीला माझी शाबासकी सांगा. मी बरीच वर्षं शिकवण्या घेते. उत्तर आल्यावर त्यातला एक आकडा परत उदाहरणात घालून बघणारी मुलं फार थोडी भेटतात. जी बघतात त्यांना पुढे असमानतेची भीती राहत नाही. तिची ही सवय मोडू देऊ नका.

बिंदू यांनी दिलेलं उत्तर बरोबर आहे. ते तसं का येतं ते जरा सावकाश बघू, कारण तिचा खरा प्रश्न "अट लिहिली का नाही" हा आहे आणि तो अगदी रास्त आहे.

अशा उदाहरणात काही अटी सांगितलेल्या असतात आणि काही आकृतीसोबत आपोआप येतात. "परिमिती जास्तीत जास्त ५४" ही सांगितलेली. आयत म्हटलं की दोन्ही बाजू शून्यापेक्षा मोठ्या, ही न सांगता आलेली. समीकरणाच्या उदाहरणात ही दुसरी अट क्वचितच आडवी येते. तिथे परिमिती नेमकी ५४ असते, रुंदी नेमकी १० निघते, लांबी १७ निघते, दोन्ही आकडे धन, काम झालं. असमानतेत मात्र उत्तर एक आकडा नसून आकड्यांचा अख्खा पट्टा असतो. तो पट्टा एका टोकाला सांगितलेल्या अटीने थांबतो आणि दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा न सांगितलेल्या अटीने. ते दुसरं टोक लिहिलं नाही, तर पट्टा थेट उणे आकड्यांत उतरतो. र = −५० घातलं तरी ६र − ६ ≤ ५४ हे खरंच ठरतं.

म्हणून मुलांना मी आधी तीन ओळी लिहायला लावते, परिमितीला त्यानंतर हात लावायचा:

रुंदी = र, र > ०
लांबी = २र − ३, २र − ३ > ०, म्हणून र > १.५
आता परिमितीची अट.

पहिल्या दोन अटींत र > १.५ ही कडक आहे, तिच्यात र > ० आपोआप येते. दोन्ही मिरवत बसायचं कारण नाही.

आता दोन्ही टोकांजवळचे आकडे तिच्याकडून घालून घ्या. र = १.६ घेतलं तर लांबी ०.२ आणि परिमिती ३.६. हा आयत कागदाच्या बारीक पट्टीसारखा दिसेल, पण आयतच. र = १.५ घेतलं तर लांबी शून्य, आयत मिटून नुसती रेघ उरली. म्हणून १.५ ला बरोबरीचं चिन्ह नाही. दुसरीकडे र = १० घेतलं तर लांबी १७, परिमिती ५४, आणि "जास्तीत जास्त ५४" मध्ये ५४ बसतात. म्हणून १० ला बरोबरीचं चिन्ह आहे. संख्यारेषेवर काढताना १.५ वर पोकळ गोल, १० वर भरीव गोल. एकाच उत्तरात एक टोक उघडं आणि एक बंद, हे मुलांना विचित्र वाटतं. पण दोन टोकं दोन वेगळ्या अटींनी ठरली आहेत हे दाखवलं की पटतं.

लांबी रुंदीपेक्षा कमी चालते का? माझ्या मते चालते. चारही कोन काटकोन असलेला चौकोन म्हणजे आयत, व्याख्या एवढंच सांगते. मोठ्या बाजूला लांबी म्हणायची ती आपली बोलण्याची रीत. तरीही शाळेत बाईंचा किंवा सरांचा तसा आग्रह असेल तर अट वाढवायची: २र − ३ ≥ र, म्हणून र ≥ ३, आणि उत्तर ३ ≤ र ≤ १०. र = ३ ला लांबीही ३ येते, तो चौरस आहे आणि चौरस हाही आयतच. पेपरात "लांबी ≥ रुंदी असे मानून" किंवा "दोन्ही बाजू धन असल्याने" अशी एक ओळ लिहायची. आपण काय धरलंय ते तपासणाऱ्याला दिसलं पाहिजे.

आता चिन्हाचं. शब्द पाठ करून घेऊ नका. "कमीत कमी म्हणजे ≥" हे घोकलेलं ऐन वेळी उलटंच आठवतं. त्याऐवजी प्रत्येक अटीला दोन प्रश्न विचारायचे. "परिमिती कमीत कमी ३६ सेमी" अशी अट आहे असं समजा. पहिला प्रश्न: बरोबर ३६ असेल तर चालेल का? चालेल, म्हणून चिन्हाखाली रेघ. दुसरा प्रश्न: ४० चालेल का? चालेल, म्हणून परिमिती मोठ्या बाजूला. झालं, परिमिती ≥ ३६. "३६ पेक्षा कमी नाही" या अटीलाही दोन्ही उत्तरं तीच, म्हणून चिन्ह तेच. "३६ पेक्षा जास्त" असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही येतं आणि रेघ जाते. वाक्यात "कमी" हा शब्द आहे की "जास्त", याकडे बघायची गरजच उरत नाही.

ही खालची रेघ अगदी क्षुल्लक वाटते. पण < आणि > ही चिन्हं छापील पुस्तकात आली ती १६३१ मध्ये, थॉमस हॅरियट यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. बरोबरी सामावून घेणारं चिन्ह पिएर बूगे यांनी १७३४ मध्ये वापरलं. दोन्हींत शंभराहून अधिक वर्षांचं अंतर आहे.

आणखी एक जागा दाखवते, तिथे हुशार मुलंही घसरतात. "लांबी रुंदीपेक्षा ३ ने कमी आहे" आणि "लांबी रुंदीपेक्षा कमी आहे" ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवा. पहिल्यात वजाबाकी आणि बरोबरीचं चिन्ह: ल = र − ३. दुसऱ्यात असमानता: ल < र. किती ने कमी ते सांगितलं असेल तर समीकरण, सांगितलं नसेल तर असमानता. तुमच्याच उदाहरणात "कमी" आहे ते वजाबाकीचं, असमानता आली आहे "जास्तीत जास्त" मधून. भाची "कमी" दिसलं की < टाकते म्हणालात ना, तिचा गोंधळ इथेच होत असणार.

---

मावशी_अभ्यासात

खडूफळा ताई, मनापासून आभार. दोन प्रश्नांची युक्ती लगेच लागू पडली. संध्याकाळी मी तोंडी वाक्यं देत होते आणि ती चिन्हं लावत होती, एकही चुकलं नाही.

पुढच्या उदाहरणात मात्र वेगळाच पेच निघाला. आयताची परिमिती ४० सेमी आहे. लांबी रुंदीपेक्षा जास्त आहे, पण रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. रुंदी पूर्ण सेंटिमीटरमध्ये असेल तर ती किती असू शकेल?

ल + र = २०, म्हणून ल = २० − र. मग २० − र > र. तिने २० पलीकडे नेले, −२र > −२० झालं, आणि −२ ने भागून र > १० लिहिलं. र = ११ घालून बघितलं तर लांबी ९ आली, म्हणजे लांबी रुंदीपेक्षा कमी. चुकलंय एवढं तिचं तिलाच कळलं. उणे संख्येने भागलं की चिन्ह उलटतं हे मी सांगितलं, पण "का उलटतं" याचं नीट उत्तर मला देता आलं नाही.

---

खडूफळा

का उलटतं ते संख्यारेषेवर दाखवा. ३ < ५ घ्या. दोन्हींना −१ ने गुणा: −३ आणि −५. आता −३ मोठा. शून्याच्या उजवीकडे जो जास्त लांब होता तो डावीकडेही जास्त लांबच गेला, आणि डावीकडे जास्त लांब म्हणजे जास्त लहान. क्रम उलटला म्हणून चिन्ह उलटायचं.

पण खरं सांगू? या उदाहरणात ती वेळ येऊच द्यायची नाही. २० − र > र मध्ये उणे असलेला र पलीकडे न्यायचा: २० > २र, म्हणून १० > र. र ज्या बाजूला धन राहील त्या बाजूला न्यायचा, ही सवय लावली की चिन्ह उलटवायचा प्रसंगच फारसा येत नाही.

दुसरी अट: लांबी दुपटीपेक्षा जास्त नाही. दोन प्रश्न विचारा, ल ≤ २र येईल. २० − र ≤ २र, २० ≤ ३र, र ≥ २०/३, म्हणजे सुमारे ६.६७.

एकत्र केलं की २०/३ ≤ र < १०. पूर्ण सेंटिमीटर म्हटलंय म्हणून ७, ८, ९. इथे एक धोका आहे. ६.६७ जवळच्या पूर्णांकात ७ होतात म्हणून ७ घेतले असं तिला वाटू देऊ नका. टोक ६.२ असतं तरी ७ च घेतले असते, कारण ६ त्या टोकाच्या बाहेर राहतात. पट्ट्याच्या आतला पहिला पूर्णांक शोधायचा, जवळचा नाही. आणि वरच्या टोकाला १० नाहीत, कारण तिथे लांबीही १० होते आणि लांबी "जास्त" हवी होती. पडताळा: ७ ला लांबी १३, दुप्पट १४, चाललं. ६ ला लांबी १४, दुप्पट १२, नाही चाललं.

---

कोनमापक

मूळ उदाहरणाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. "लांबी" हा शब्द वापरलाय तर ती मोठी बाजू मानावी, म्हणजे ३ ≤ र ≤ १० हेच उत्तर योग्य. नाहीतर दोन बाजूंना दोन नावं दिलीच कशाला?

शिवाय भाचीला आणखी एक गोष्ट जरूर दाखवा: परिमितीची मर्यादा म्हणजे क्षेत्रफळाची मर्यादा नव्हे. १० आणि १७ चा आयत, परिमिती ५४, क्षेत्रफळ १७० चौसेमी. त्याच परिमितीचा चौरस १३.५ चा, क्षेत्रफळ १८२.२५. आणि १ व २६ चा आयत, परिमिती तीच ५४, क्षेत्रफळ फक्त २६. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस यानेही यावर लिहून ठेवलंय. मेगॅलोपोलिस शहराचा घेर ५० स्टेडिया आणि स्पार्टाचा ४८, तरी स्पार्टा त्याच्या दुप्पट मोठं, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही, असं तो म्हणतो.

यामागचं कारण नववीतल्या मुलीला कळेल इतकं सोपं आहे: (ल + र)² − ४लर = (ल − र)², आणि कुठलाही वर्ग ऋण नसतो. म्हणून ४लर कधीही (ल + र)² च्या वर जात नाही, आणि ल = र असतानाच त्याला गाठतो.

---

खडूफळा

कोनमापक, हे सूत्र छान आठवण करून दिलंत, मी उद्याच्या शिकवणीत घेते.

नावांबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. दोन नावं दिली ती दोन बाजू वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून. लांबी मोठी असं उदाहरणाला म्हणायचं असतं, तर ते तसं म्हणतं. बघा, मावशींच्या दुसऱ्या उदाहरणात "लांबी रुंदीपेक्षा जास्त आहे" असं मुद्दाम दिलंय. शब्दातच ते आलं असतं, तर ते वाक्य लिहायची गरज नव्हती. न सांगितलेली अट आपण घालायची ती आकृती उभी राहण्यापुरतीच. बाजू धन नसेल तर आयतच उरत नाही, म्हणून ती घालावी लागते. बाजूचं नाव बदललं तरी आयत जागच्या जागी असतो.

---

मैदानवाला

मी फुटबॉलची मैदानं आखतो. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण आमचं कामच यावर चालतं.

खेळाच्या नियमांत मैदानाचं एक ठरीव माप नाही, मर्यादा आहेत. टचलाइन, म्हणजे लांबी, ९० ते १२० मीटर. गोललाइन, म्हणजे रुंदी, ४५ ते ९० मीटर. आणि वर एक अट: टचलाइन गोललाइनपेक्षा लांबच हवी. त्यामुळे लांबी ९० आणि रुंदी ९० दोन्ही मर्यादेत बसत असूनही ९० × ९० चं मैदान चालत नाही. नियमात ही अट वेगळी लिहावी लागली आहे, तेव्हा खडूफळा ताईंचं म्हणणं मला पटतं.

परिमिती यावरून कमीत कमी २(९० + ४५) = २७० मीटर आणि जास्तीत जास्त २(१२० + ९०) = ४२० मीटर. पण उलट बाजूने गेलात तर फसाल. परिमिती ३०० मीटर आहे, २७० आणि ४२० च्या मध्ये आहे, म्हणजे मैदान नियमात बसलं असं नाही. १२० × ३० ची परिमितीही ३०० च आहे आणि रुंदी ४५ च्या खाली. बाजूंच्या मर्यादेवरून परिमितीची मर्यादा मिळते, परिमितीच्या मर्यादेवरून बाजूंची खात्री मिळत नाही.

परिमितीवरून काटकोनाचीही खात्री मिळत नाही. चारही बाजूंच्या दोऱ्या बरोबर मापाच्या लावल्या आणि खुंटी जराशी सरकली की समांतरभुज चौकोन होतो, परिमिती तीच राहते. म्हणून खुंट्या ठोकल्यावर आम्ही दोन्ही कर्ण मोजतो. ते सारखे आले तरच चुना टाकायचा.

भाचीसाठी एक उदाहरण देतो. आंतरराष्ट्रीय सामन्याला मर्यादा आणखी आवळलेल्या असतात: लांबी १०० ते ११०, रुंदी ६४ ते ७५ मीटर. लांबी १०५ मीटर ठरली आहे. चारही बाजूंनी लावायला दोरी आहे ३५० मीटर. रुंदी किती ठेवता येईल?

---

मावशी_अभ्यासात

मैदानवाला दादा, तुमचं उदाहरण तिने माझी मदत न घेता सोडवलं. तिच्या वहीतलं जसंच्या तसं उतरवते.

"रुंदी = र. नियमाने ६४ ≤ र ≤ ७५. लांबी १०५, ती ७५ पेक्षाही मोठी आहे म्हणून लांबी > रुंदी ही अट वेगळी लिहायला नको. दोरी ३५० आहे. बरोबर ३५० लागली तर चालेल का? हो. ३४० लागली तर? हो. म्हणून २(१०५ + र) ≤ ३५०. १०५ + र ≤ १७५. र ≤ ७०. उत्तर ६४ ≤ र ≤ ७०. पडताळा: र = ७० ला ३५० मी, र = ६४ ला ३३८ मी, र = ७१ ला ३५२ मी, दोरी पुरत नाही."

यात न सांगितलेली अट कुठली, असं मी विचारलं. ती म्हणाली, रुंदी शून्यापेक्षा मोठी, पण ती ६४ मध्ये आलीच. मग तिने स्वतःच पुढचा प्रश्न काढला: दोरी ३३६ मीटरच असती तर? १०५ + र ≤ १६८, र ≤ ६३. आणि नियम म्हणतो र ≥ ६४. असा आकडाच नाही. "मावशी, उकल नाही असंही उत्तर असू शकतं का?"

हो म्हटलं. त्याच्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली आहे: "लांबी १०५ असेल तर दोरी कमीत कमी ३३८ मी हवी." दादा, तुमच्या कामात हे बरोबर धरायचं ना?

---

मैदानवाला

अगदी बरोबर. फक्त गाठी मारायला आणि खुंटीला वेढा द्यायला दोरी जाते, ती या ३३८ च्या वर धरायची. म्हणजे तिच्या ओळीत ≥ च्या जागी > आलं.